नोंदणीची आंटी

लोर्नाचं चुकलं ते एवढंच, की ती "छानच होईल" म्हणाली.

इंग्लंडच्या उत्तरेला, कंब्रियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात कोणी काही देऊ केलं की "छानच होईल" म्हणायची रीत आहे. त्याचा अर्थ हो असा नसतो. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं, आता आपण दोघंही हे विसरून जाऊ, असा असतो. "एकदा जेवायला या" म्हटलं की समोरचा "छानच होईल" म्हणतो, वर्षानुवर्षं कोणी कोणाकडे जेवायला जात नाही, आणि मैत्री टिकते. लोर्नाची लेक नेल जन्मून थोडेच दिवस झाले होते तेव्हा मॉरीन आंटी केकचा डबा घेऊन दारात उभी राहिली. पाळण्यात वाकून म्हणाली, तू कामावर जायला लागलीस की ही माझ्याकडेच राहणार. झोपेला पारखी झालेली लोर्ना म्हणाली, "छानच होईल." झालं. मॉरीनला होकार हवा होता म्हणून तो होकार झाला, आणि संध्याकाळच्या आत अख्ख्या बीकन स्ट्रीटला कळलं की डगी-लोर्नाची पोर मॉरीनकडे जाणार.

मॉरीन तशी कोणाचीच आंटी नव्हती. ना सख्खी, ना चुलत, ना लग्नाच्या नात्याने. पण निम्मी गल्ली तिच्या मांडीवर वाढली होती. लोर्नाचा नवरा डगी तिच्याच स्वयंपाकघरात पहिलं पाऊल टाकून, लगेच पडून, हनुवटीवर खूण करून घेतलेला. सरकारचा नियम सरळ आहे. आजीने सांभाळावं, आत्या-मावशीने सांभाळावं, कोणी विचारत नाही. पण परक्या बाईने पैसे घेऊन दिवसाला दोन तासांहून जास्त मूल घरी ठेवायचं तर नाव नोंदवावं लागतं, तपासणी होते, घर बघायला माणूस येतो. मॉरीनने जन्मात नाव नोंदवलं नव्हतं. कोणी विचारलंच तर सांगायचं, आमची आंटी आहे. आणि सांगणाऱ्याला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटायचंही नाही, इतका तो शब्द तिला चिकटला होता.

खरं सांगायचं तर लोर्नालाही सुरुवातीला बरंच वाटलं होतं. ती कार्लाइलची, म्हणजे तासाभराच्या वाटेवरची, म्हणजे आमच्या हिशेबाने परदेशी. सासू थेल्मा आणि मॉरीन शाळेपासूनच्या जिवलग मैत्रिणी. मॉरीनने पोर मागून घेतली म्हणजे गल्लीने सुनेला घरात घेतलं, असंच ते होतं. कोण नाही म्हणेल?

मग तो एक दिवस आला. लोर्ना वरच्या रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात कामाला होती. म्हाताऱ्या लोकांच्या आठवडाभराच्या गोळ्या, सकाळच्या सकाळच्या कप्प्यात, रात्रीच्या रात्रीच्या कप्प्यात, अशा डब्यांत भरून ठेवायच्या, हे तिचं मुख्य काम. बाळंतपणाच्या रजेत अधूनमधून दिवसभर कामावर जाऊन यायची मुभा असते, सवय मोडू नये म्हणून. तशी ती गेली, आणि तिच्यासमोर जो डबा आला त्यावर मॉरीनचं नाव होतं.

गोळ्या फिटच्या होत्या. आकडी येते, माणूस आहे तिथे कोसळतो, त्याच्या. एप्रिलमध्ये सुरू झालेल्या, मग वाढवलेल्या, मग पुन्हा वाढवलेल्या. गोळ्या लागू पडल्या तर माणूस वर्षानुवर्षं धडधाकट राहतो, हे लोर्नाला ठाऊक होतं. पण लागू पडलेल्या गोळ्या दोनदा वाढवत नाहीत.

लोर्नाने हातमोजे चढवून नेहमीसारखा डबा भरला. भरता भरता एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. एप्रिलमध्येच मॉरीनने आपली छोटी लाल गाडी विकली होती. पेट्रोल परवडत नाही म्हणाली होती; आकडी येणाऱ्याला गाडी चालवू देत नाहीत. उन्हाळ्यात तिच्या मनगटावर पट्टी होती; ओव्हनचा चटका म्हणाली होती. आणि तिचा डबा दुकानाची गाडी घरपोच नेऊन द्यायची. चालत पाच मिनिटांवर राहणारी धडधाकट बाई डबा घरपोच का मागवते, तर रांगेत कोणी बघू नये म्हणून. लोर्ना रजेवर आहे, म्हणजे दुकानात आता आपल्याला ओळखणारं कोणी नाही, असंही तिने धरलं असेल.

काउंटरच्या मागे पाहिलेलं काउंटरच्या मागेच राहतं. नोकरी लागते त्या दिवशी यावर सही घेतात, आणि हे मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुकानाची पायरी चढू देत नाहीत. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. त्या संध्याकाळी डगीने विचारलं, चेहरा का असा? ती म्हणाली, पाय दुखतात. मग नेलला आंघोळ घालताना तिला एकदम दिसलं, की टबात पाणी आहे, पाण्यात नेल बसली आहे, आणि तिला धरणारी बाई टबाशेजारी जमिनीवर हातपाय झाडते आहे. तिने नेलला इतक्या घाईने उचललं की पोर घाबरून रडायला लागली. लोर्नाही रडली. असा राग तिला आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायला जागा नव्हती.

तिने एकदा दुकानाचे मालक मिस्टर रेन यांच्याकडे विषय काढून पाहिला. समजा, म्हणाली, कोणा पेशंटमुळे एखाद्या मुलाला धोका आहे असं वाटलं, तर? मिस्टर रेन भला माणूस, पण कागदासारखा कोरा. त्यांनी चष्मा काढला आणि तिथेच थांबवलं.

"लोर्ना, नाव घेणार असशील तर विचार करून घे. एकदा माझ्या कानावर आलं की मला वर कळवावं लागेल. मग त्या पेशंटच्या दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं येतील, आणि कोणी कळवलं हे वेगळं सांगायची गरज पडणार नाही."

लोर्नाने नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं असं तिला त्या दिवशीही वाटलं आणि नंतरही. पण ज्या बाईने आपल्या नवऱ्याला चमच्याने भरवलं तिच्या दारात सरकारी माणसं धाडायची, हे तिच्याच्याने होईना. त्यात गल्लीतल्याच टेसचा दोन वर्षांचा मुलगा रोज सकाळी मॉरीनकडेच असायचा, हा काटा वेगळाच.

मग तिने गुपचूप सरकारची यादी उघडून नोंदणी असलेल्या बायका शोधल्या. गावात अशा मोजक्याच, आणि त्यातली एक टेकडीवरची हेदर फिअरन. लोर्ना नेलला बाबागाडीत घालून, वाऱ्याला तोंड देत, दुसरीकडेच कुठेतरी निघाल्यासारखी गेली.

हेदरच्या दारातच, कोटांच्या खुंटीशेजारी, नोंदणीचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं. जिन्याला लहानसं फाटक, औषधं आणि साबण उंच कपाटात, कुत्र्याला परसदाराच्या आत बंदी. लोर्ना चार प्रश्न पाठ करून गेली होती. हेदरनेच तिला चाळीस विचारले. रडते तेव्हा काय लागतं, कुठल्या कुशीवर झोपते, कशाने अंगावर पुरळ उठतं. नेल तिच्या चपलेशी बसून चपलेचा पट्टा चावत होती आणि हेदर तो तिच्या तोंडातून इतक्या सहज काढून घेत होती की बोलणं कुठे तुटत नव्हतं.

"वर्षाच्या आतलं एकच बाळ ठेवता येतं मला," हेदर म्हणाली. "ती जागा आत्ता रिकामी आहे. पण आणखी एक आई बघून गेलीय. मला शुक्रवारपर्यंत कळवा."

लोर्नाने विचारलं, नोंदणीला फार त्रास होतो का हो? हेदर हसली.

"विचारू नका. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलिसांकडून चौकशी. माझा नवरा दोन दिवस बोलत नव्हता माझ्याशी, जसं काही मीच त्याला चोर म्हटलं. आणि डॉक्टर! कुठली गोळी घेता, कशासाठी घेता, कधी शुद्ध हरपली का, सगळं विचारतात. तब्येतीचा कागद गेल्याशिवाय नाव चढत नाही."

टेकडी उतरताना लोर्नाला ती युक्ती सुचली. सगळे अडकलेले लोक स्वतःला हुशार समजायला लागतात तशी तीही समजायला लागली. आपण मॉरीनला नाही म्हणायचंच नाही. उलट हो म्हणायचं. फक्त एवढंच म्हणायचं, की आंटी, तुम्ही नोंदणी करा. मग जे काय सांगायचं ते तिचे डॉक्टर सांगतील, जे काय कळायचं ते तिचं तिला कळेल, आणि माझ्या तोंडातून एक शब्द गेलेला नसेल.

आधी तिने डगीला हेदरचं सांगितलं. तो सोफ्यावर बूट काढत होता, एक पाय तसाच राहिला.

"मॉरीन आंटीला काय झालंय?"

"काही नाही झालेलं. नोंदणी असलेली बाई बरी, एवढंच."

"मला वाढवलं तेव्हा होती नोंदणी? मी काय वाया गेलो?" तो हसत होता, पण अर्धवट. "लोर्ना, हे कार्लाइलचं नाकाने कांदे सोलणं आईसमोर नको करूस. ती दोघींचं मिळून ऐकवेल तुला."

तो खूप चांगला माणूस होता, म्हणून तर तिला जास्त अडकल्यासारखं वाटे. वाईट नवऱ्याशी भांडता येतं.

रविवारी थेल्माकडे जेवण होतं. भाजलेलं मटण, बटाटे, वरून ग्रेव्ही, आणि मॉरीन नेहमीच्या खुर्चीत, नेल मांडीवर. नेलला तिने एका हाताने घट्ट धरलं होतं, दुसऱ्या हाताने ती खात होती. लोर्ना त्या धरलेल्या हाताकडे बघत होती. मग तिने ठरवलेलं वाक्य, ठरवलेल्या हसऱ्या आवाजात, टेबलावर ठेवलं.

"आंटी, मला वाटतं तुम्ही नोंदणीच करून टाका. मग नेल तुमचीच. मला कोणाला काही सांगायला नको, तुम्हाला काही लपवायला नको."

लपवायला हा शब्द तिला म्हणायचा नव्हता. तो निघून गेला.

मॉरीनचा काटा ताटातच थांबला. पण थेल्माला तो शब्द ऐकूच आला नाही, ती आनंदाने नुसती पेटली. इतकी वर्षं हिने अख्खी गल्ली चार पैशांत मोठी केली, आता सरकारने हिचं नाव लावलंच पाहिजे, वगैरे. आपणच सगळे कागद आणू, घर दाखवायला आपणच थांबू, तू फक्त सही कर. डगीनेही टेबलाखालून बायकोचा गुडघा दाबला. शाबास, असा.

"विचार करते हं," मॉरीन म्हणाली.

आमच्याकडे "विचार करते" म्हणजे नाही. पण थेल्माला तिथे होकार ऐकायचा होता, म्हणून तो होकार झाला.

जेवण झाल्यावर सिंकपाशी मॉरीन ताटं धूत होती, लोर्ना पुसत होती. बाहेर दोरीवरचे कपडे वाऱ्याने आडवे झाले होते.

"मध्ये एकदा दुकानात गेली होतीस म्हणे," मॉरीन म्हणाली. तिने मान वर केली नाही.

"एकच दिवस."

"डबे तूच भरतेस का तिथे?"

"जो असेल तो भरतो, आंटी."

मॉरीनने तेच ताट पुन्हा साबणात घातलं आणि पुन्हा धुतलं. लोर्नाला वाटलं, आता ही बोलेल. म्हणेल, होय गं बाई, असं असं आहे, तू सांगू नकोस, मीच सांगते. ती नुसती "हं" म्हणाली आणि पुढचं ताट घेतलं.

थेल्मा सोमवारी कागद घेऊन आली. मंगळवारी तिने प्रथमोपचाराच्या वर्गात मॉरीनचं नाव घातलं. बुधवारी डॉक्टरांकडे जायचं ठरवलं, स्वतः सोबत जाणार म्हणून नवी टोपीही काढली. मैत्रिणीवर इतकं प्रेम करणाऱ्या बाईच्या तावडीतून सुटणं सोपं नाही. सुरी मॉरीनच्या गळ्यावर ठेवली ती लोर्नाने आणि दाबत होती थेल्मा, तीही लाडाने. लोर्नाला रात्री डोळा लागेना. आपण काय करून बसलो हे तिला दिसत होतं, पण शुक्रवार जवळ येत होता आणि नेल रोज आंघोळीच्या टबात हात आपटत हसत होती.

बुधवारी सकाळी मॉरीनने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, मला नाही कोणाची परीक्षा द्यायची. कोणाला माझ्या घरात शंका काढायच्या असतील तर मला कोणाचंच मूल नको. आणि त्याच दिवसापासून तिने टेसच्या मुलालाही घ्यायचं बंद केलं.

म्हणजे जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं. कुठलंच मूल त्या स्वयंपाकघरात राहिलं नाही. लोर्नाने गुरुवारी हेदरला फोन करून जागा घेतली, फोन ठेवला, आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. सुटल्याचं समाधान येईल म्हणून वाट बघत होती. ते आलं नाही.

आमची गल्ली काही आंधळी नाही. दोन आणि दोन तिने केले, आणि पाच झाले. नोंदणीचा विषय कोणी काढला? लोर्नाने. मॉरीन कशाने हादरली? कोणीतरी वर कळवलं असणार. कोणी? थेल्माने मैत्रिणीला सरळ विचारलं, माझ्या सुनेने तुझी तक्रार केली का? मॉरीनने हो म्हटलं नाही. तिने मान खाली घातली आणि चहाच्या कपात बघत राहिली. थेल्माला तेवढं पुरलं.

टेसची सकाळची पाळी गेली. ती वृद्धाश्रमात कामाला होती. तिने लोर्नाला मागच्या बोळात गाठलं आणि म्हणाली, "तुझी पोर राहिली ना टेकडीवर, प्रमाणपत्राखाली? मग झालं." एवढंच बोलून कचऱ्याचा डबा ओढत निघून गेली. तुझा मुलगा त्या घरात रोज कशाच्या शेजारी बसत होता ते सांगू का, हे लोर्नाच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते गिळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून काय वेगळा असतो!

डगीने त्या रात्री दिवा घालवल्यावर विचारलं.

"तू कळवलंस?"

"नाही."

"मग ती का थांबली?"

लोर्नाने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. तो दुसऱ्या कुशीवर वळला. "सांगायचं नसेल तर नको सांगूस," म्हणाला. त्याचा विश्वास होता, पण आता तो त्याला मुद्दाम धरून ठेवावा लागत होता.

नेल हेदरकडे रमली. लोर्ना कामावर रुजू झाली. दर आठवड्याला मॉरीनचा डबा भरायची, गाडी तो घेऊन जायची. थेल्मा रविवारच्या जेवणाला आता नुसतं डगीला आणि नेलला बोलवायची, म्हणजे बोलावणं सगळ्यांना असायचं, पण खुर्च्या कमी मांडलेल्या असायच्या.

एका दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि मॉरीन आत आली. मागे थेल्मा, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. लोर्नाला बघताच थेल्मा शांपूच्या मांडणीकडे वळली आणि एकेका बाटलीची पाठ वाचायला लागली. मॉरीन सरळ काउंटरशी आली. गालाच्या हाडावर पिवळटलेला, जुना होत आलेला काळानिळा डाग होता.

"आज गाडीची वाट नाही बघितली," ती हलकेच म्हणाली. "माझं दे."

लोर्नाने डबा कागदी पिशवीत घातला. मॉरीनने पिशवी धरली, पण ओढली नाही.

"दोन आठवडे झाले. डोळे उघडले तर मी जमिनीवर. किटली तशीच उकळत होती, सगळी खोली वाफेने भरलेली." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचे भाव सांगावेत तसा. "सकाळची वेळ होती. टेसचा पोरगा घरात असायचा तीच."

लोर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आंटी, सांगा ना त्यांना. टेसला तरी."

"काय सांगू? की ठाऊक असून मी त्याला एप्रिलपासून ठेवत होते?" मॉरीनने मांडणीकडे एकदा बघितलं. "मला फक्त आंटीच होता येतं गं, पोरी. ते गेलं तर मी कोण? तू तरुण आहेस. तुला झेपेल."

लोर्नाने पिशवी सोडली. ती पर्समध्ये तळाशी गेली, वर हातरुमाल बसला, आणि थेल्मा शांपू घेऊन जवळ आली तेव्हा मॉरीनचा चेहरा केव्हाच नेहमीचा झाला होता.

"मी हिला म्हणत होते, थेल्मा," मॉरीन सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "की झालं गेलं विसरूया. पोरं चुकतात. माझ्या मनात काही नाही. रविवारी नेलला घेऊन केक खायला ये, लोर्ना."

मागे रांगेत दोघंतिघं होती. ती सगळी लोर्नाच्या तोंडाकडे बघत होती.

"छानच होईल," लोर्ना म्हणाली.

थेल्माने शांपूची बाटली काउंटरवर ठेवली आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा सुनेच्या डोळ्यांत बघितलं. "बघ," ती म्हणाली, "याला म्हणतात मन. शीक काहीतरी."

लोर्नाने तिच्या गोळ्या दिल्या, सुट्टे पैसे परत केले, आणि पुढचं नाव पुकारलं.